शंका घेणाऱ्या शेजाऱ्याला ख्रिस्त कसा सांगावा? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी निवृत्त परिचारिका. राजारामपुरीत राहते, आणि गल्लीत मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. रविवारी उपासना संपली की आमच्या ख्रिस्ती मंडळीतली कॉलेजची मुलं, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, कधी एखादे आजोबासुद्धा चर्चबाहेर थांबवून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत, मंडळीचा ठराव नव्हे. एका ठिकाणी आमच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, मत माझ्यापेक्षा वेगळं आहे, ते तिथे सांगितलं आहे.

कोल्हापुरात शंका घेणारा माणूस म्हणजे नक्की कोण?

सगळ्यांना एका मापानं मोजू नका. काही जण विचार करून देव नाकारतात, आणि त्यांच्यामागे इथे प्रश्न विचारण्याची फार मोठी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर ती चळवळ या करवीरात रुजली. महाराजांचे विधी वैदिक मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला ते वेदोक्ताचं प्रकरण ताजं असतानाच, १९०२ साली, महाराजांनी आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. कॉम्रेड गोविंद पानसरे याच शहरात आयुष्यभर माणसांसाठी झटले, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा गावातला माणूस ‘मी देव मानत नाही’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो देवाच्या नावावर चाललेल्या लुबाडणुकीबद्दल बोलत असतो. त्याचं आधी नीट ऐकून घ्या. देवळातल्या सराफांचे चौरंग येशूनेही उलथवले होते.

काही जण ख्रिस्ती माणसाकडूनच दुखावलेले असतात. उसने पैसे बुडालेले असतात, किंवा घरमालकानं रविवारी गोड बोलून सोमवारी सामान बाहेर काढलेलं असतं. तिथे आधी माफी मागा. चूक तुमची नसली तरी मागा.

पण सगळ्यात जास्त भेटतो तो वेगळाच. तो देव मानतो, अंबाबाईला जातो, जोतिबाला जातो. त्याची शंका देवावर नसते, तुमच्या-माझ्यावर असते: ‘ही माणसं एवढं करतात, म्हणजे काहीतरी मनात असणार.’ पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

‘मदत करून माणसं धर्मात ओढता’ असं तोंडावर म्हणतात. काय उत्तर द्यावं?

उत्तर देण्याआधी आपल्या मनात खरंच तसं आहे का, ते पाहावं. माझ्या मनात होतं, म्हणून सांगते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी शेजारच्या एका बाईंच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं. गाव लांब, जवळ कुणी नाही. मी रोज संध्याकाळी दवाखान्यात डबा न्यायची. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि पेशंटसाठी वेगळा मऊ भात. चौथ्या दिवशी मी वरच्या पुडात, भाकरीच्या खाली, सुवार्तेची, म्हणजे येशूच्या संदेशाची, एक छापील पत्रिका सरकवली. मला वाटलं, समोर देण्यापेक्षा बरं, वाचली तर वाचली.

आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. आधीचे तीन दिवस तिनं साखर घातली होती. पाचव्या दिवशी घासून लख्ख केलेल्या डब्यात साखर नव्हती. माझी पत्रिका होती, चार घड्या घातलेली, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. ‘उद्यापास्नं नको सिस्टर, आमची सोय झालीया,’ एवढंच ती म्हणाली. सोय कुठलीच झाली नव्हती. पुढचा आठवडाभर ती माउली गेटबाहेरच्या गाड्यावर वडापाव खाऊन राहिली, हे मला नंतर कळलं.

तिच्या जागी बसून बघा. तीन दिवस तिला वाटत होतं की शेजारीण जेवण आणते. चौथ्या दिवशी त्या कागदानं भाकरीचा भाव सांगितला. मी तिच्या अडचणीच्या वेळी, तिला नाही म्हणता येणार नाही अशा वेळी, माझा माल पुढे केला होता. तिला राग येणं साहजिक होतं. आजही तो डाग डोळ्यांपुढे येतो.

तेव्हापासून मी एकच प्रश्न स्वतःला विचारते: हा माणूस कधीही विश्वास ठेवणार नाही, असं मला आज कळलं, तर उद्या मी डबा नेणार आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर आधी गुडघे टेकून प्रार्थना करते आणि मग डबा नेते, कारण समोरच्याची भूक तरी खरी आहे. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केलं, आभार मानायला परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचा रोग त्यानं परत आणला नाही.

तर तोंडावर कुणी तसं म्हणालं, तर एवढंच म्हणा: ‘असं करणारे आहेत, आणि ते चुकतात. तुम्ही कधीच आमच्यात आला नाहीत तरी मी येत राहीन.’ आणि मग खरंच येत राहा. त्या वाक्याचा पुरावा द्यायला दोन-चार वर्षं लागतात.

कायद्यानं आपल्याला धर्माबद्दल बोलता येतं का?

येतं. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदानं प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं; दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. मला यात अडचण वाटत नाही. मन बदलणं हे माझं कामच नाही, ते पवित्र आत्म्याचं. पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश, औषध यांच्या बदल्यात विश्वास मागणं कायद्याच्या आधी ख्रिस्तालाच मान्य नाही.

मग येशूचं नाव घ्यायचंच नाही का? नुसतं चांगलं वागून कुणाला काय कळणार?

घ्यायचं. विचारलं की घ्यायचं, आणि तेव्हा आढेवेढे घ्यायचे नाहीत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार जवळचं आहे. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, वादात त्यांना हरवणं कुणाला जमलं नसतं. इंग्लंडला गेल्यावर त्यांनी लंडनजवळ फुलम इथे सिस्टरांचं काम पाहिलं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना त्या सिस्टर मायेनं सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा बाईसाठी कुणी हात पुढे केलेला त्यांनी पाहिला नव्हता. तेव्हा रमाबाईंनी विचारलं, की तुम्हाला हे करायला काय भाग पाडतं? त्यावर एका सिस्टरनं त्यांना, येशू जिच्याशी मायेनं बोलला त्या विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो बायका-मुलांना तीच माया दिली.

यातला क्रम बघा. आधी काम दिसलं. मग प्रश्न त्यांनी विचारला. मग उत्तर मिळालं, आणि तेही येशूच्या गोष्टीतून. त्या सिस्टर गप्प बसल्या असत्या, ‘आमचा स्वभावच असा आहे’ म्हणाल्या असत्या, तर रमाबाईंना त्या बायका चांगल्या आहेत एवढंच कळलं असतं. कुणी ‘सिस्टर, तुम्ही हे का करता?’ म्हणून विचारलं की मीही पूर्वी ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय टाळायची. आता सांगते, ‘मी फार तुटले होते तेव्हा येशूनं मला सांभाळलं, ते फिटत नाही.’ दोन वाक्यांत. पुढे विचारलं तर पुढे सांगायचं, नाहीतर चहा ठेवायचा.

सुरुवात कुठून करू? माझ्याकडे ना पैसा आहे ना वेळ.

सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाच्या, आवारात एक सकाळ उभं राहून बघा. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडून आलेली माणसं हातात केसपेपर धरून ‘क्ष-किरण कुठं?’ म्हणून विचारत फिरत असतात. त्यांना पैसे नको असतात. रांग कुठली ते सांगणारा, फॉर्म भरून देणारा, औषध दिवसातून किती वेळा हे चिठ्ठीवर सूर्य आणि चंद्र काढून समजावणारा कुणीतरी हवा असतो. अर्धा तास लागतो.

गल्लीतही तेच. वरच्या मजल्यावरच्या आजींचा गॅस नंबर लावून द्या. पाणी कमी दाबानं येतं त्या दिवशी आपली मोटर आधी बंद करा. याची साक्ष गल्लीत उपदेशापेक्षा लवकर पोहोचते. आणि दुकानात, ऑफिसात आपला हिशेब चोख ठेवा. पै-पैचा हिशेब चोख नसलेल्या माणसाची दया कुणाला नको असते.

पूर आला की काय करावं? आणि खरं विचारायचं तर, गणपतीच्या मूर्ती हलवायला हात लावावा का?

हा प्रश्न एका मुलानं मला अगदी हळू आवाजात विचारला होता, म्हणून मुद्दाम घेतला.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडीची माणसं होड्यांतून काढावी लागली. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं ते नेमकं गणेशोत्सवाच्या तोंडावर, जेव्हा घराघरात मूर्ती रांगेनं वाळत असतात.

मी त्या मुलाला म्हणाले, जा आणि उचल. ती मूर्ती त्या कुंभाराचं वर्षभराचं पोट आहे, मुलाची फी आहे, कर्जाचा हप्ता आहे. तू पूजा करायला गेला नाहीस, शेजाऱ्याचं घर वाचवायला गेला आहेस. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलताना येशूच्या गोष्टीतल्या परक्या शोमरोन्यानं त्याचा धर्म विचारला नव्हता. आणि मूर्ती हातात घेशील तेव्हा जपून घे, कडेनं नाही, बुडाला हात देऊन, कारण ज्याची ती आहे त्याला ती प्रिय आहे.

आमचे पाळकसाहेब म्हणतात, की नव्यानं विश्वासात आलेल्या एखाद्याचं मन यानं गोंधळू शकतं, त्याचाही विचार करावा. त्यांचं म्हणणं नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या शिकवणीला धरून आहे, आणि ज्याचा विवेक टोचतो त्यानं धान्याची पोती उचलावीत, तीही असतातच. माझं मत मात्र बदललेलं नाही.

आणखी एक. पाणी चढतं तेव्हा मदतीच्या गाड्या रांगेनं येतात, बिस्किटांचे पुडे उरतात. पाणी उतरल्यावर जो घोटाभर चिखल आणि कुजका वास राहतो, तेव्हा कुणी नसतं. खराटा, फावडं आणि फिनेल घेऊन त्या आठवड्यात जा. बॅनर नको, मंडळीच्या नावाचे टी-शर्ट नकोत, भिजलेल्या घरासमोर फोटो तर अजिबात नको. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, असं प्रभूनं सांगितलं तेव्हा मोबाईल नव्हते, पण त्याला माणसं माहीत होती.

आजारी शेजाऱ्यासाठी प्रार्थना करू का?

घरी बसून कितीही करा, त्याला परवानगी लागत नाही. त्याच्यासमोर, त्याच्या डोक्यावर हात ठेवून करायची असेल, तर आधी विचारा आणि ‘नको’ म्हटलं तर हसून ‘बरं’ म्हणा. ‘हो’ म्हटलं तर थोडक्यात करा. आजारी माणूस दमलेला असतो.

पण औषध बंद करा असं कधीही, कुणालाही, कोणत्याही आवेशात सांगू नका. हे मी हात जोडून सांगते. प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटलीवर भरवसा ठेवून इन्सुलिन सोडलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे; चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवणं हा गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे यावर बोट ठेवतात तेव्हा त्यांना शत्रू समजू नका. माझं शिक्षण मिरजेला झालं. तिथे कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारलं. ते प्रार्थना करणारे होते आणि हातात सर्जनची सुरी धरणारेही. आम्हाला शिकवलं गेलं ते असं, की देवाकडे मागावं आणि जखम उकळलेल्या पाण्यानं धुवावी.

‘तुमचा धर्म गोऱ्यांचा’ असं म्हणतात.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, आणि इथल्या वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ते अजून आहेत. ते लपवायचं कारण नाही. पण येशू स्वतः आशियातला, आणि केरळातल्या ख्रिस्ती मंडळ्या इंग्रजांच्या कित्येक शतकं आधीच्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत गायलं. नाताळला आमच्याकडे करंज्या, चकल्या, चिवडाच होतो. वाद घालण्यापेक्षा तो फराळ शेजारी पाठवा.

देव आहे तर लहान मुलं का मरतात, असं विचारलं तर?

मी बालरुग्ण विभागात बरीच वर्षं काढली. पहाटे तीन वाजता आईच्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं आहे. मला याचं उत्तर येत नाही, आणि ज्यांना येतं असं वाटतं त्यांनी त्या आईसमोर ते म्हणून दाखवू नये. मला एवढंच ठाऊक आहे, की आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्या वेळानं तो त्याला मेलेल्यातून उठवणार होता, तरी आधी रडला. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी पुष्कळदा कुणीतरी गेलेलं असतं. ‘तुमच्याकडे काय झालं?’ असं विचारा आणि मग बोलू द्या.

व्हॉट्सॲपवर रोज सकाळी वचन पाठवलं तर चालेल का?

ज्यानं मागितलं त्याला पाठवा. सोसायटीच्या ग्रुपवर पाठवू नका.

माझ्या घरातच, नवऱ्याचा विश्वास नाही. काय करू?

बाहेरच्यांपेक्षा हे फार अवघड, कारण घरच्यांना आपण चोवीस तास दिसतो. आपली चिडचिड, आपला आळस, सासूबाईंना दिलेलं तिरकस उत्तर.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेवा. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे वर सांगितलेल्या रेव्हरंड टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं त्या दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं सोबत घेऊनच आल्या. ते त्यांच्याकडून कुणी हिसकावलं नाही. जात माणसानं केली, देवानं नाही, हे त्यांना त्यांच्याच विचारानं उमगलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं गेली मध्ये. नवरा विश्वास ठेवत नाही म्हणून तुमच्या संसारात रोज उपदेशाची घंटा वाजू लागली, तर त्याला घरी यायची ओढ उरणार नाही. रविवारी उपासनेला निघताना त्याचा नाश्ता झाकून ठेवा, आणि परत आल्यावर तोंड पाडून ‘तुम्ही आला नाहीत’ म्हणू नका.

मात्र नवरा मारहाण करत असेल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. तिथे सोसणं म्हणजे साक्ष नव्हे. आधी माहेरी, मैत्रिणीकडे, पोलिसांकडे, जिथे सुरक्षित असाल तिथे जा.

माझ्याच मनात शंका आहेत. मी दुसऱ्याला काय सांगणार?

जेवढं खरं वाटतं तेवढंच सांगा. येशू मेलेल्यातून उठला हे त्याच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमानं म्हटलं, तर प्रभूनं त्याला हाकललं नाही, हात पुढे केले. तुमची शंका ऐकून समोरच्याला वाटतं, की हा माणूस पाठ केलेलं बोलत नाही.

किती दिवस वाट बघायची? काहीच फळ दिसलं नाही तर?

आमच्या जिन्यात समोरच्या दारी एक निवृत्त मास्तर राहतात. कट्टर विवेकवादी. घरात देव्हारा नाही, आणि लग्नही त्यांनी सत्यशोधक पद्धतीनं लावलेलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला अर्धांगवायू झाला. मी रोज दुपारी जाऊन त्यांना कुशीवर वळवायची, पाठीला पावडर लावायची, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा फार लवकर होतात. दोन वर्षं गेली. शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.

बाई गेल्या. तेराव्याचं वगैरे काही त्यांनी केलं नाही, पण त्या सुमारास एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. ‘सिस्टर, आता मला तुमच्या चर्चला यायला लागतंय का?’ अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हणाले, ‘नाही मास्तर.’ ‘मग हे सगळं कशासाठी केलंत?’ तेव्हा मी जिन्यातल्या पायरीवर बसून त्यांना येशूबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. त्यांनी सगळं ऐकलं, तीन-चार प्रश्न विचारले, आणि म्हणाले, ‘पटत नाही मला. पण तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं कळलं.’

आजही पटलेलं नाही. अधूनमधून नवा करार मागून नेतात, समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं करून परत देतात. काही प्रश्नचिन्हांवर मीही अडते. माझ्या सासूबाई आता नव्वदीला आल्या आहेत. रविवारी सकाळी साडेआठला मास्तर येतात, एका हातानं त्यांची काठी घेतात, दुसऱ्या हातानं कोपर धरतात, आणि एकेक पायरी मोजत त्यांना खाली रिक्षापर्यंत आणतात. रिक्षावाल्याला सांगतात, ‘चर्चजवळ गतिरोधक आहे, सावकाश घे.’ मग पिशवी घेऊन भाजी आणायला जातात.